पिशवी काढली, पुढे काय?

आमच्या भागातल्या बायका ऊसतोडीहून परत आल्या की आम्ही गावोगाव बैठका घेतो. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका बैठकीत एक जण म्हणाली, "ताई, पिशवी काढली म्हणून आमची गणती झाली, फोटो झाले. पण आता कंबर धरते, अंगातून वाफा निघतात, रात्रभर झोप नाही. त्याचं औषध कुणाला मागू?" तिचं वय पस्तिशीच्या आतलं. मला उत्तर देता आलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींत एक! देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे.

मग जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खाजगी दवाखान्यांनी हे ऑपरेशन करू नये, असा आदेश बीडमध्ये निघाला. २०२२ मध्ये केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आली. ती तीन महिन्यांत अमलात आणा, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना बजावलं. हे सगळं हवंच होतं. पण परवानगीच्या कागदाने बाईचं दुखणं बरं होतं का?

दुखणं सुरू होतं फडावर. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात. पहाटेच्या अंधारापासून तोडणी, मग डोक्यावर मोळ्या घेऊन गाडी भरायची. पालाजवळ ना पाणी, ना संडास, ना पाळीचा कपडा वाळवायला आडोसा. मग अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. बहुतेक वेळा हे साध्या गोळ्यांनी बरं होतं. पण गोळ्या पुऱ्या करायला, पुन्हा तपासून घ्यायला जवळ सरकारी दवाखाना हवा. बाई तर पाच-सहा महिने परमुलखात. अंगावर काढते, असह्य झालं की खाजगी डॉक्टर गाठते. "पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल," एवढं ऐकलं की घरचेही म्हणतात, पोरं झाली, आता पिशवी ठेवून करायचंय काय? ऑपरेशनचे पैसे पुन्हा उचलीतूनच. ती 'हो' म्हणते. ह्याला आपण संमती म्हणायचं?

१९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींची गर्भाशयं काढली, तेव्हा पाळीची स्वच्छता राखणं जड जातं, असं कारण दिलं गेलं होतं. स्त्री संघटनांनी तेव्हा विचारलं होतं, सोय कुणाची? फडावरही प्रश्न तोच आहे. बाईने खाडा न करता राबावं, ही सोय कुणाची?

मैत्रिणींनो, आपलंही थोडं चुकलं. डॉक्टरांवर बोट ठेवणं सोपं होतं, ते आपण केलं. ऑपरेशन झालेल्या बायकांना मात्र आकड्यांत सोडून आलो. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले असतील तर पाळी जाण्याचा त्रास एकदम सुरू होतो आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. त्याच अंगाने तिला पुढच्या हंगामात मोळ्या वाहायच्या असतात.

म्हणून मागण्या अशा असाव्यात: हंगामात फडावर फिरता सरकारी दवाखाना, त्यात स्त्री डॉक्टर, पाळीच्या आणि आजारपणाच्या दिवसांचे पैसे कापायचे नाहीत, पाणी आणि संडासाची जबाबदारी साखर कारखान्याची, ऑपरेशन झालेल्या प्रत्येकीची दर वर्षी मोफत तपासणी आणि औषधं.

आणि एक काम आजच सुरू करता येईल. आपापल्या गावात अशा बायकांची यादी करा, पण त्यांना विचारून. ऑपरेशनचे कागद जपून ठेवायला सांगा. बीजकोश ठेवले की काढले, हे त्यांच्यासोबत बसून वाचा. आपल्या अंगातून काय गेलं, हे निदान त्यांना तरी कळायला हवं.