महाडला माघार नव्हतीच

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर अस्पृश्यांचा पाण्याचा हक्क बजावण्याच्या सत्याग्रहासाठी परिषद भरली आणि हजारो माणसे जमली. पण कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम निघालेला होता आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह तहकूब केला. त्यांच्यातला बॅरिस्टर आडवा आला आणि बंडखोर नमला, असा आक्षेप यावर घेतला जातो.

आक्षेप वरवर रास्त वाटतो. कायदा आधीही अस्पृश्यांच्या बाजूने होताच. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मंजूर झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केले. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरेपर्यंत तो हक्क कागदावरच होता. नंतर सत्याग्रहींना मार बसला आणि सनातन्यांनी शेण-गोमूत्राने तळे ‘शुद्ध’ केले. नुसत्या कायद्यावर विसंबून चालत नाही, हे कबूल.

पण पुढची हकिगत आक्षेपक गाळतात. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव फिरवला. बहुमताने दिलेले बहुमताने काढूनही घेतले. अशा वेळी पुन्हा पाणी प्यायले असते, तर पुन्हा शुद्धीकरण झाले असते, शिवाय मनाईहुकूम मोडल्यामुळे सनातन्यांबरोबर सरकारही अंगावर आले असते. तो हुकूम ज्या दाव्यात निघाला, तो दावा तर सनातन्यांनीच लावला होता. म्हणजे वहिवाट सिद्ध करण्याचे ओझे त्यांच्याच गळ्यात पडले होते. ही संधी चांगला वकील दवडत नाही.

आणि ‘नमलेल्या’ माणसाच्या त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीची होळी झाली. मनाई तळ्यापुरती होती, मनूपुरती नव्हती!

१७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने सनातन्यांचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना तळे बंद असल्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, हे सनातन्यांना सिद्ध करता आले नाही. निकालाला जवळजवळ दहा वर्षे लागली, हा कोर्टाचा दोष खराच. पण ज्या रूढीला कोणी कधी पुरावा मागितला नव्हता, तिला तो मागितला गेला आणि ती उघडी पडली. ओंजळीने हक्क बजावला, निकालाने तो पक्का केला. एकावाचून दुसरे लंगडे राहिले असते.

सत्तेपुढे मान तुकवण्याचा बाबासाहेबांचा स्वभाव असता, तर हिंदू कोड बिल संसदेत रखडल्यावर १९५१ मध्ये त्यांनी कायदेमंत्रिपदावर पाणी सोडले नसते. निकाल लागणार असेल तिथे दम धरायचा आणि निकालच लागू दिला जात नसेल तिथून उठायचे, हा त्यांचा हिशेब होता. त्याला माघार म्हणणे म्हणजे डावपेच न कळणे.