घरून काम, पण किती वाजेपर्यंत?

मार्च २०२० च्या टाळेबंदीत आपली कितीतरी मुले-मुली पुणे-बंगळूरहून लॅपटॉप घेऊन इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगावच्या घरी परतली. त्यांतल्या काहींची नोकरी आजही घरूनच चालते. घर भरले याचा आनंद आहेच. पण या कामाला सुटी कधी होते, हा प्रश्न आता मंडळांनीही विचारायला हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घरून काम आपल्याला नवे नाही. जुन्या वाड्यांत वकील ओसरीवर अशिलांना भेटत, वैद्य पडवीत रोगी तपासत. पण त्याची जागा ठरलेली असे आणि अशील माजघरात येत नसे. मोबाइलने तो उंबरठा उरू दिलेला नाही. रात्री दहाला साहेबांचा निरोप येतो आणि भरल्या पानावरून उठावे लागते.

जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा २०२१ चा अभ्यास सांगतो की, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ५५ वा अधिक तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. थकलेल्या माणसाचे कामही धड होत नाही, हे सांगायला अभ्यास नको.

दोष केवळ कंपन्यांचा नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ गेलेला दिसतो, पुरुषांचा ८८ मिनिटे. सून घरून काम करते म्हणजे मोकळीच आहे, असे समजून मीटिंगच्या मध्ये तिला कुकर लावायला हाक मारणे बंद झाले पाहिजे. तिला ठरलेली जागा, नीट टेबल-खुर्ची आणि दार लावून घेण्याची मुभा द्या. तासाभराने उठून चार पावले चालावे आणि जेवताना मोबाइल दूर ठेवावा, हा नियम सगळ्यांनाच लागू करा.

उरलेले काम कायद्याचे आहे. फ्रान्सने कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क २०१७ पासून कायद्यात आणला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०२५ मध्ये असेच खाजगी विधेयक लोकसभेत पुन्हा मांडले. मात्र १९७० नंतर एकही खाजगी विधेयक संसदेत मंजूर झालेले नाही. तेव्हा हे विधेयक सरकारनेच आणले पाहिजे.

आपण वेगवेगळ्या राज्यांत मतदार आहोत आणि हा प्रश्न कोणत्याही एका भाषेचा वा पक्षाचा नाही. प्रत्येक मंडळाने आपापल्या खासदाराला या मागणीचे निवेदन द्यावे आणि त्याचे लेखी उत्तर मागावे. मिळालेले उत्तर सभासदांना वाचून दाखवावे, म्हणजे पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्याला काय विचारायचे ते सर्वांना ठाऊक असेल.