रोडग्याला बाटी म्हणू नका

पांढुर्णा-सौसर भागातील देवळांच्या भंडाऱ्याची पत्रके हिंदीत निघतात, यास आमची हरकत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला; २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी राज्यभाषा हिंदीच. हरकत आहे ती पत्रकातील 'दाल-बाटी' या शब्दाला. पंगतीत वाढायचे रोडगे आणि कागदावर मात्र बाटी!

'नावात काय आहे?' असे विचारणारे विद्वान गावोगावी असतात. त्यांनी एकदा निखाऱ्यांपाशी येऊन बसावे. बाटी म्हणजे कणकेचा भरीव गोळा. माळव्यातील बाफला तर आधी उकडून मग भाजतात. रोडग्यात लहान पुऱ्या तेल लावून एकीवर एक रचतात, वरून कणकेचे आवरण देतात आणि गोवऱ्यांच्या आरात भाजतात. फोडला की पदर सुटले पाहिजेत. मग तूप, वरण आणि वांग्याची भाजी. नाव बदलले की करणाराही हा खटाटोप सोडतो, कारण बाटीला पदर कोण मागणार?

शिवाय रोडगा हा नुसता खाद्यपदार्थ नव्हे, तो नवस आहे. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडातल्या सासुरवाशिणीच्या तोंडी भवानीला रोडगा वाहण्याचाच नवस घातला. जामसावळीच्या मारुतीपुढे वा पांढुर्ण्याच्या चंडीमातेपुढे हात जोडून कोणी 'बाटी वाहीन' म्हटल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही.

दुसऱ्या बाजूने पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात आणि आमचा 'आलूबोंडा' ऐकून हसतात. शुद्ध शब्द म्हणे बटाटावडा! त्यातला बटाटा पोर्तुगीजांकडून आलेला आणि सोबतचा पावही त्यांचाच. (पायांनी तुडवतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती निव्वळ भाकडकथा.) गोमंतकीयांनी पाव हा शब्द घेतला खरा, परंतु कडक कवचाच्या गोल पावाला ते आजही 'उंडो' म्हणतात, आणि मराठी घरांत मळलेल्या कणकेच्या गोळ्याला उंडाच म्हणतात. परक्या भट्टीतला जिन्नस त्यांनी आपल्या नावाने हाक मारून घरचा केला. आम्ही मात्र घरच्या निखाऱ्यातला रोडगा परक्या नावावर लिहून देतो, तोही देवाच्या दारात!

पत्रक छापणाऱ्या मंडळींनी हिंदी खुशाल लिहावी. लिपी दोन्ही भाषांची एकच आहे. 'रोडगे' ही तीन अक्षरे तीत सहज बसतात.