मोटारीच्या टपावरील झरोका

आमच्याकडील जुन्या घरांत कौलांमध्ये एखादे काचेचे कौल बसविण्याची चाल आहे. तेवढ्या एका कौलाने अंधारे माजघर उजळते. मोटारीच्या टपाला ‘सनरूफ’ नावाचा जो झरोका असतो, त्याचे प्रयोजनही हेच: उजेड आणि हवा. परंतु अलीकडे धावत्या गाडीच्या या झरोक्यातून कमरेपर्यंत वर निघून हात पसरणारी मुले आमच्या दृष्टीस पडू लागली आहेत, आणि कौतुकाने गाडी हाकणारे वडीलही! म्हणून हे चार शब्द.

या झरोक्याचे प्रकार अनेक. १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या सित्रोएन टू-सीव्ही गाडीचा टप कापडी होता. तो गुंडाळून मागे सारता येई. १९५७ च्या छोट्या फियाट ५०० गाडीलाही कापडी टप होता. काही झरोक्यांत काचेची मागची कड तेवढी उचलता येते. काहींत काच टप व आतील अस्तर यांमधल्या पोकळीत सरकते. ‘पॅनोरॅमिक’ प्रकारात काच मागच्या आसनांपर्यंत पसरलेली असते. मात्र ती सर्वच उघडते असे नाही.

बटण दाबताच विजेचे एक छोटे यंत्र दातेरी चाकाने तारदोर सरकविते आणि काच दोन्ही बाजूंच्या रुळांवरून मागे जाते. नुसती मागची कड उचलली, तरी टपावरून वेगाने वाहणारा वारा आतील कोंदट हवा ओढून घेतो. कडेने झिरपणारे पाणी भोवतालच्या पन्हळीत साचते व कोपऱ्यांतील नळ्यांवाटे खाली जाते. पाचोळ्याने नळी तुंबली, की पाणी गाडीत उतरते. तेव्हा मृगापूर्वी घराच्या पन्हळींप्रमाणे याही नळ्या साफ कराव्यात.

एवढ्या योजनेत माणसाने उभे राहण्याची सोय कोठेही नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. अकस्मात ब्रेक लागला तर गाडी थांबेल. उभे मूल जडत्वाच्या नियमाने पुढेच फेकले जाईल. सुरक्षापट्टा बसलेल्यास सावरतो, उभ्यास नव्हे. आडवी फांदी वा लोंबती तार तर पूर्वसूचना देऊन येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलास पट्ट्याविना वा बालासनाविना नेणाऱ्या चालकास एक हजार रुपये दंड ठरविला आहे. परंतु दंड भरून मोडलेली मान सांधत नाही.

मुलांचा आनंद हिरावून घ्यावा असे आम्ही म्हणत नाही. विद्यार्थिमित्रहो, आसनावर पट्टा बांधून बसा आणि मान वर करून त्या काचेतून पावसाळी ढग पाहा, रात्री चांदणे पाहा. वाऱ्याची हौस असेल तर गाडी सुरक्षित जागी थांबवावयास सांगून खाली उतरा. आणि पालकांनो, मुलाने हट्ट धरला तर ‘नाही’ म्हणण्याचे काम तुमचे आहे. ते कौतुकाहून कठीण खरे. पण मायेचे तेच आहे.