जिजीचा अंगठा

माण तालुक्यातल्या एका वाडीत १९९६-९७ च्या सुमारास आमच्या गटाच्या बैठका जिजीच्या ओसरीवर भरायच्या. जिजी तेव्हा पन्नाशी ओलांडलेली. १९७२ च्या दुष्काळात कामावर खडी फोडून तिने पोरं जगवली होती. मुंबईच्या गिरणीतला नवरा १९८२ च्या संपानंतर गावी परतला, तो आजारी होऊनच. आम्ही शेवटच्या एसटीने पोचायचो, तर ही चुलीपुढे भाकरी थापत असायची. "आधी दोन घास खावा, मग भाषणं करा," म्हणायची. एखादी सून मार खाऊन रात्री घराबाहेर पडली, तर जिजीची कडी ठरलेली.

गेल्या वर्षी जिजी गेली. दहाव्याला सगळे म्हणाले, "माया फार. कधी कुणाकडं काही मागितलं नाही." मी मान खाली घालून ऐकत होते.

जिजीचे वडील वारले तेव्हा दोन्ही भाऊ जीप घेऊन तिला न्यायला आले. हक्कसोडपत्र करायचं होतं. जिजीला वाचता येत नव्हतं, म्हणून ती मला सोबत घेऊन गेली. कागद मीच वाचून दाखवला. अंगठा कुठे उठवायचा तेही मीच दाखवलं. त्याच आठवड्यात शिबिरात मी वारसा कायद्यावर तासभर बोलले होते! जिजीने एवढंच विचारलं, "नाही म्हणलं तर भाऊबीजेला दारात उभं करतील का गं?" मी गप्प बसले. साडीचोळी घेऊन ती परत आली.

आपण म्हणतो, बाईला हक्कच नव्हता. हे खरं नाही. १९५६ च्या कायद्याने मुलगी वडिलांच्या वाट्यात वारस होतीच. हक्क नसता तर सोडपत्र कशाला लागलं असतं? १९९४ साली महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीने आणलं, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. ती अट २००५ च्या दुरुस्तीत गेली. वडील २००५ साली हयात नसले तरी मुलीचा हक्क राहतो, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. तरीही आज गावोगावी बहिणी सह्या करतातच, कारण जिजीच्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात नाही.

शेवटची वर्षं जिजी मुलांकडे महिन्याच्या पाळीने राहिली. दोन्ही घरांत तिचं ताट मोजून वाढलं जायचं. माहेरच्या त्या रानात आज डाळिंबाची बाग आहे.

मैत्रिणींनो, तिच्या मायेवर आपल्याही बैठका चालल्या. त्या मायेला आपणही त्याग म्हणून मोकळ्या झालो. निदान यापुढे गटातल्या कुठल्याही बाईला सहीसाठी बोलावणं आलं, तर तिला एकटी पाठवू नका. कागद वाचून दाखवून थांबू नका. भाऊबीजेला माहेरचं दार बंद झालं, तर त्या दिवशी ती कुणाकडे जाईल, हे गटाने आधी ठरवा आणि तिला सांगा. मग सही करायची की नाही, ते तिचं तिला ठरवू द्या.

जिजीला हे सांगायला मी तेव्हा तोंड उघडलं नाही.