प्रिया, किक आणि आमची पिढी

गेल्या शनिवारी साताऱ्याला घरी गेलो होतो. सकाळी चहा पिता पिता बाबा सहज म्हणाले, "अरे, ती प्रिया देऊन टाकू का? भंगारवाला वजनावर घेतो म्हणतोय."

प्रिया म्हणजे आमची स्कूटर. (आईला हा विनोद आजवर एकदाही आवडलेला नाही.) आजोबांनी १९८४ साली घेतलेली, सध्या जिन्याखाली, वर गोधडीचं पांघरूण. मी एकदम "नाही" म्हणालो. बाबांनी शांतपणे विचारलं, "मग तू चालवणार का?" आणि मी चहाच्या कपात बघत बसलो.

तर मुद्दा हा. जुन्या गाड्यांचा शौक आमची पिढी पुढे नेईल का, यावर लोक हिरिरीने बोलतात. बोलताना डोळ्यांसमोर असतात महाराजांच्या रोल्स रॉइस आणि मुंबईतल्या रॅलीतल्या चकचकीत गाड्या. आपल्यासारख्या घरांत तसलं काही नव्हतंच हो. आपल्याकडे होती स्कूटर. फार तर एखाद्या डॉक्टरांची फियाट, नाहीतर एखाद्या बागाईतदाराची जीप. म्हणून मी प्रश्न माझ्यापुरता बदलून घेतो: जिन्याखालच्या प्रियाचं काय?

ही प्रिया साताऱ्याचीच लेक आहे, हे माझ्या वयाच्या किती सातारकरांना माहीत असेल? महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी १९७५ साली निघाली, राज्य सरकारचं महामंडळ आणि बजाज ऑटो यांच्या भागीदारीत. कारखाना साताऱ्यात. मूळ घराणं इटालियन व्हेस्पाचं, पण जन्म अजिंक्यताऱ्याच्या सावलीत. त्या काळात स्कूटर नंबर लावून मिळायची, आणि नंबर यायला वर्षानुवर्षं लागायची. आज तिथे प्रिया बनत नाही. ती कंपनी आता मुख्यतः गुंतवणुकीचा व्यवसाय करते. म्हणजे स्कूटर गेली, शेअर राहिले!

आता आमच्या पिढीकडे वळू. जुनं आम्हाला आवडत नाही असं कोण म्हणतं? जावा २०१८ साली परत आली, येझदी २०२२ मध्ये, आणि चेतक तर २०२० पासून बॅटरीवर धावतेय. माझ्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये तिन्ही दिसतात. पण नीट बघा. आम्हाला जुना आकार हवाय, जुने कष्ट नकोत. बटन दाबलं की सुरू झाली पाहिजे. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मोजून घालणं, प्लग काढून पॉलिश पेपरने घासणं, गाडी एका बाजूला कलती करून मग किक मारणं, हे सगळं आम्ही आजोबांच्या गोष्टींत ठेवून दिलंय.

यात आमचा सगळाच दोष आहे असंही नाही. पुण्यात फ्लॅटमागे एक पार्किंग मिळतं, त्यात गाडी ठेवायची की आठवण? शिवाय कागदपत्रं. केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली, चांगलं केलं. पण अट अशी की गाडी ५० वर्षांहून जुनी हवी. नव्याने नोंदणीचं शुल्क २० हजार, आणि गाडी रोज वापरायची नाही. आमची प्रिया ५० वर्षांची होणार २०३४ साली. तोपर्यंत ती सरकारदरबारी वारसा नाही, नुसती म्हातारी गाडी. मग आरसीचं नूतनीकरण, पर्यावरण कर, नवी नंबरप्लेट, सगळं आलंच. भंगारवाला मात्र दारात येतो आणि रोख पैसे देतो.

वर पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या कार्ब्युरेटरमधलं रबर खराब करतं, गाडी बरेच दिवस उभी राहिली तर टाकी गंजते. गंमत म्हणजे हे इथेनॉल येतं कुठून? सातारा-सांगलीच्या उसातूनही! म्हणजे आपल्याच शेतातला ऊस आपल्याच स्कूटरच्या घशात अडकतोय.

पण खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती मला सांगलीत कळली.

वालचंदला शिकत असताना ही प्रिया दोन वर्षं माझ्याकडे होती. विश्रामबागेजवळ एक मिस्त्री होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. नुसता आवाज ऐकून सांगायचे, "पॉइंट सेट कर, कार्ब्युरेटरला हात लावू नको." ऑगस्ट २०१९ च्या पुरात त्यांच्या गॅरेजात पाणी शिरलं. तीस-चाळीस वर्षांत जमवलेले पार्ट चिखलात गेले. रविवारी मुद्दाम सांगलीला जाऊन त्यांना भेटलो. सत्तरी ओलांडलीय. मुलगा मोबाइलच्या दुकानात आहे. मी विचारलं, "मामा, हे काम कुणी शिकलं का तुमच्याकडून?" ते हसले. म्हणाले, "शिकायला आलं कोण? सगळे गाडी घेऊन यायचे."

आम्ही सॉफ्टवेअरवाले हे चांगलं ओळखतो. जुनी सिस्टिम बंद पडते ती कोड जुना झाला म्हणून नाही. ती ज्याला कळत होती तो माणूस निघून गेला आणि डॉक्युमेंटेशन कुणी केलंच नाही, म्हणून. गाड्यांचंही तेच. सुटा भाग शोधून मिळेल, नाहीतर लेथवर करून घेता येईल. किर्लोस्करवाडी ज्या जिल्ह्यात आहे तिथे लेथवाल्यांना काय तोटा! पण मामांचा कान कुठून आणणार?

म्हणून माझं मत असं: आमची पिढी जुन्या गाड्या विकत घेईल, त्यांचे फोटोही भरपूर काढेल, पण एवढ्याने शौक टिकणार नाही. हात काळे करणारे थोडे जण निघाले, तरच टिकेल. फार नकोत, गावात चार पुरेत. आणि सरकारनेही ५० वर्षांच्या आतल्या, पण नीट राखलेल्या गाड्यांसाठी मधली एखादी वाट काढावी. वर्षाला चारशे-पाचशे किलोमीटरची मर्यादा घाला हवी तर. टू-स्ट्रोकचा धूर वाईटच, तिने रोज ऑफिसला जा असं कोण म्हणतंय?

सांगलीहून निघताना मामांना विचारलं, महिन्यातून एक रविवार शिकवाल का? म्हणाले, "गाडी घेऊन ये. आणि चांगले कपडे घालून येऊ नको."

बाबांना फोन करून सांगितलं, प्रिया द्यायची नाही. ते म्हणाले, "बघू, किती रविवार टिकतोस!"

खरं सांगायचं तर मलाही माहीत नाही. पण गोधडी काढलीय. पहिल्या दिवशी बावीस किका मारल्या, सुरू झाली नाही. प्लगवर ठिणगी मात्र दिसली.

असो. तुमच्या जिन्याखाली काय आहे?