जिभेचे चोचले आणि पहाटेची टॅक्सी

एक विद्वान दक्षिण आफ्रिकेत पंधरा दिवस राहून आले आणि येताना तिथल्या लठ्ठपणाचं निदान घेऊन आले. आळस, खादाडपणा, आणि वर ‘त्यांना जाड बायकाच आवडतात हो!’ औषध एकच : जिभेवर ताबा. पंधरांतले किती दिवस सफारीत गेले, ते त्यांनी सांगितलेलं नाही.

आळसाचं म्हणाल तर २०१६ च्या राष्ट्रीय पाहणीत तिथल्या ४१ टक्के प्रौढ बायका लठ्ठ निघाल्या, पुरुष ११ टक्के. एकाच घरात, एकाच पातेल्यातला पप, म्हणजे मक्याची लापशी, खाऊन आळस नेमका बाईच्याच अंगी लागतो म्हणायचा!

या विद्वानांना एकदा पहाटे पाचला शहराबाहेरच्या काळ्यांच्या वस्तीत, सोवेटोच्या टॅक्सी रँकवर, म्हणजे सामायिक मिनीबसच्या तळावर, उभं करावं. १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्यानं कोणी कुठं राहायचं ते कातडीच्या रंगावर ठरवलं. कायदा १९९१ मध्ये गेला, घरं होती तिथंच राहिली. श्रीमंत सँडटनच्या बंगल्यात फरशी पुसणारी बाई अंधारात तर्जनी आकाशाकडे करून उभी राहते. त्याचा अर्थ ‘शहरात जायचंय’. शहरात उतरून दुसरी टॅक्सी. मी जिला पाहिलं तिनं रँकवरच्या बादलीतून दोन अमाग्विन्या घेतल्या, म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे, आणि मधे चिरून आत अचार भरून घेतलं. अचार म्हणजे आपलं कैरीचं लोणचंच; १८६० पासून नाताळ वसाहतीच्या उसात राबायला नेलेल्या गिरमिटिया मजुरांच्या मुलखातलं. वर गोड कोला. स्वस्त, पोटभर, चूल पेटवायला नको. संध्याकाळी परतेपर्यंत पुन्हा अंधार; घेवडा शिजवायला तासभर वीज जाळायची कोणी? आणि त्या रस्त्यांवर एकट्या बाईनं ‘फिरायला’ जावं, असं सुचवणाऱ्यानं आधी आपल्या लेकीला पाठवावं.

  

जाड बायकांच्या आवडीचं एका ओळीत : एचआयव्हीनं घरंच्या घरं रिकामी केली, त्या काळात वाळलेलं अंग दिसलं की शेजारी कुजबुजायचे; भरलेलं अंग हा निरोगीपणाचा दाखला होता.

मग करायचं काय? एप्रिल २०१८ पासून तिथं गोड पेयांवर साखरेच्या प्रमाणात कर बसला. १०० मिलिलिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत माफ, पुढं ग्रॅमागणिक. कंपन्यांनी साखर कमी केली. जिभा त्याच, बाटली बदलली. तसंच कामाजवळ घरं द्या, रस्त्यांना दिवे द्या, कोपऱ्यावरच्या स्पाझा दुकानात भाजी परवडेल असं करा. आराखडा मागाल तर माझ्याकडे नाही.

विद्वान पुन्हा गेलेच तर एवढं लक्षात ठेवावं : तर्जनी वरच हवी. खाली केलीत तर ड्रायव्हर समजतो, गडी इथलाच, जवळच उतरणार.